पालकातील लोह : एका अर्ध्या बरोबर उत्तराची तपासणी

‘पालेभाज्या का खाव्यात?’ हा प्रश्न आपल्या शाळांतून इतक्या वेळा विचारला जातो, की त्याचे उत्तर मुलांच्या अगदी जिभेवर असते. ‘पालेभाज्यांत लोह असते. लोहामुळे रक्त वाढते.’ करी रोड स्थानकाजवळच्या एका शाळेत विज्ञान-शिक्षकांच्या बैठकीला गेलो असताना एका बाईंनी सातवीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका मला दाखवली. उत्तर हेच होते आणि बाईंनी दोनपैकी दोन गुण दिले होते.

बाईंची अडचण पुढेच होती. त्या मुलीचे हिमोग्लोबिन शाळेतल्या तपासणीत बरेच कमी निघाले होते. आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी तिने सोडून दिली होती. आईला बोलावून विचारले, तर आई म्हणाली, “बाई, गोळीनं तिच्या पोटात ढवळतं. त्यापेक्षा मी तिला दिवसाआड पालक घालते. तुम्हीच शिकवलंय ना, पालकात लोह असतं म्हणून?” बाईंनी मला सरळच विचारले, “सर, उत्तर बरोबर आहे, मुलगी पालकही खाते, मग ती अशी फिकट का?”

हा प्रश्न एका मुलीपुरता नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रातले प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलींपैकी जवळजवळ अर्ध्या मुलींसाठी हे उत्तर परीक्षेपुरते नसून रोजच्या जगण्याचे आहे. म्हणून ते नीट तपासून पाहायला हवे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पालेभाजी खावी हा सल्ला पूर्ण बरोबर आहे, पण त्यासाठी आपण जे कारण शिकवतो ते फार लंगडे आहे. खरे कारण अधिक मनोरंजक आहे, आणि त्याचा शोध करी रोडहून चालत जाण्याच्या अंतरावर लागला आहे.

लोह नेमके किती?

पालक आणि लोह यांची सांगड कशी पडली याची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या तक्त्यात दशांशचिन्ह चुकून एक घर सरकले, पालकातले लोह दहापट झाले, आणि त्या चुकीवर विसंबून ‘पॉपाय’ हा चित्रकथेतला खलाशी पालक खाऊ लागला, अशी ती गोष्ट आहे. १९८१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे ती जगभर गेली. आमच्यासारख्या विज्ञानलेखकांनीही ती आवडीने सांगितली. पुढे २०१० मध्ये माइक सटन या संशोधकाने मूळ कागदपत्रे शोधली, तेव्हा दशांशचिन्हाच्या या चुकीला कोणताच आधार सापडला नाही. शिवाय चित्रकथेतला पॉपाय पालकाचे कौतुक करतो ते लोहासाठी नव्हे, ‘अ’ जीवनसत्त्वासाठी! एक चुकीची समजूत खोडण्यासाठी आपण दुसरी निराधार गोष्ट सांगत होतो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.

आपल्या देशातले आकडे मात्र खरोखरच बदलले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दाखवलेले असे. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत हा आकडा १.१४ मिलिग्रॅमवर आला. त्याच संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतले नमुने गोळा करून २०१७ मध्ये नवे अन्नघटक तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत पालकातले लोह सुमारे ३ मिलिग्रॅम आहे. जुना १०.९ हा आकडा अजूनही अनेक पुस्तकांतून आणि दवाखान्यांच्या भिंतींवरच्या तक्त्यांतून तसाच उतरवला जातो.

एकाच भाजीचे आकडे इतके वेगळे कसे येतात? भाजीची जात, जमीन आणि ऋतू यांप्रमाणे फरक पडतोच. पण पालेभाजीतले लोह मोजताना खरी अडचण होते ती मातीची. मातीत लोह भरपूर असते. पानाच्या सुरकुत्यांत धुळीचे चार कण राहिले, तरी प्रयोगशाळेत तेही भाजीच्या खात्यावर जमा होतात. ते लोह आपल्या शरीराच्या जवळजवळ काहीच कामाचे नसते.

आता हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. १०० ग्रॅम कच्चा पालक शिजवून मूठभरच होतो. त्यातून मिळणार ३ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेचा दहावा हिस्सा. माठ आणि मेथी यांत लोह पालकापेक्षा जास्त आहे. आणि ज्या बाजरीच्या भाकरीचे नाव आपल्या धड्यांत क्वचितच येते, त्या बाजरीत १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह आहे, पालकाच्या दुप्पट! लोहाचे पहिले बक्षीस पालकाला देण्याचे काही कारण दिसत नाही.

ताटातले आणि रक्तातले

अन्नात असलेले लोह आणि रक्तात पोचणारे लोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांस, मासे यांतले काही लोह हिमोग्लोबिनच्याच रूपात असते. आतडी ते सहज शोषून घेतात. वनस्पतींतले लोह तसे नसते. धान्यातली फायटेट, पालेभाजीतली आणि चहातली पॉलिफेनॉल अशी संयुगे त्याला धरून ठेवतात. पालेभाजीतल्या लोहापैकी साधारणपणे पाच टक्क्यांच्या आत-बाहेरच लोह शोषले जाते असे धरले, तर ३ मिलिग्रॅमपैकी रक्तात पोचते ०.१५ मिलिग्रॅम. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष रक्तात जायला हवे. हे काम एकट्या पालकावर सोपवले, तर तिला रोज एक किलो पालक खावा लागेल. याउलट, मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ते वीस वाट्यांच्या, म्हणजे दोन किलो पालकाच्या बरोबरीचे आहे.

कॅल्शियमची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पालकात कॅल्शियम चांगले असते, पण त्याच पानात ऑक्झॅलिक आम्लही असते आणि ते कॅल्शियमला घट्ट बांधून टाकते. १९८८ मध्ये अमेरिकेत हीनी, वीव्हर आणि रेकर यांनी मोजमाप केले, तेव्हा दुधातले सुमारे २८ टक्के कॅल्शियम शरीरात शोषले गेले, पालकातले केवळ ५ टक्के. तक्त्यातला आकडा म्हणजे पगाराच्या पावतीवरचा आकडा. हातात काय पडते ते कपातीनंतर कळते.

म्हणजे त्या मुलीच्या आईने भाजी घातली यात काहीच चूक नव्हती. चूक झाली ती भाजीला गोळीची जागा देण्यात, आणि त्या चुकीला आपल्या उत्तराने हातभार लावला. पण मग पालेभाजी खायची कशासाठी? याचे उत्तर शोधायला आपण शाळेच्या परिसरातच थोडे फिरून येऊ.

परळमधला शोध

करी रोडहून लालबागमार्गे परळच्या बाजूला निघाले, की अर्ध्या तासाच्या आत आचार्य दोंदे मार्गावरची हाफकिन संस्था लागते. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था हे नाव आहे. ती प्लेगच्या लसीसाठी सर्वांना माहीत आहे. पालेभाजीच्या संदर्भात मात्र तिची आठवण सहसा कोणी काढत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईतल्या गरीब घरांतल्या अनेक बायका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तीव्र रक्तक्षयाने दगावत. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बालफोर यांनी मातामृत्यूंच्या चौकशीचे काम हाती घेतले होते. त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या डॉ. ल्युसी विल्स यांना बोलावून घेतले. विल्स १९२८ मध्ये आल्या आणि १९३३ पर्यंत, अधूनमधून खंड पडत असला तरी, त्यांचे मुख्य काम हाफकिन संस्थेतच चालले. डॉ. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणांवर बालफोर आणि तळपदे यांनी केलेला अभ्यासही याच काळातला. प्रयोगशाळेच्या भोवताली गिरण्यांची धुराडी होती आणि संशोधनाचा विषय त्याच वस्तीत राहत होता.

पाहणीतून दिसले ते असे : आहार जितका निकृष्ट, तितका हा रक्तक्षय अधिक. सर्वांत गरीब मुस्लिम घरांतल्या स्त्रियांचा आहार सर्वांत अपुरा होता आणि आजाराचा भारही त्यांच्यावरच सर्वाधिक होता. मग विल्स यांनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. लोह कमी पडले, तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या स्त्रियांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फार कमी. म्हणजे हा रक्तक्षय निव्वळ लोहाच्या अभावाचा नव्हता.

मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय तेव्हा माहीत होता आणि त्यावर यकृताचा अर्क हे औषध होते. पण त्या आजारात जठरातले आम्ल नाहीसे होते, तसे या स्त्रियांत झालेले नव्हते. शिवाय यकृताच्या कच्च्या अर्काने त्या बऱ्या होत, शुद्ध केलेल्या अर्काने होत नसत. याचा अर्थ उघड होता. शुद्ध करताना जे काही टाकून दिले जात होते, नेमके तेच या स्त्रियांना हवे होते!

१९२९ मध्ये काही महिने विल्स निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या आणि तेथे त्यांनी मुंबईतल्या या स्त्रियांसारखाच आहार उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि आहारात यीस्ट घातल्यावर तो टळला. पुढे उंदरांच्या पिंजऱ्यात उवा असल्याचे ध्यानात आले. त्यांनीही निष्कर्ष बिघडू शकतो म्हणून हाच प्रयोग माकडांवर पुन्हा करण्यात आला. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन तो पुन्हा तपासणे ही वैज्ञानिक वृत्ती मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मुंबईत परतल्यावर विल्स यांनी आजारी स्त्रियांना ‘मार्माइट’ हा इंग्रजांच्या न्याहारीत पावाला लावला जाणारा स्वस्त यीस्ट-अर्क दिला. रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात पदार्थाला पुढे काही वर्षे ‘विल्स घटक’ असेच म्हणत.

पानावरून आलेले नाव

हा घटक म्हणजे काय ते कळायला दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घेतला आणि त्यातून जिवाणूंच्या वाढीला लागणारा एक पदार्थ अल्प प्रमाणात वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्यांनी त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडरली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. विल्स घटक तो हाच, हे मग स्पष्ट झाले. ‘ब’ गटातल्या या जीवनसत्त्वाच्या नैसर्गिक रूपांना फोलेट म्हणतात.

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या कामाला फोलेट लागते. ते कमी पडले, तर अस्थिमज्जेतल्या पेशी वाढतात, पण वेळेवर दुभंगत नाहीत. म्हणून पेशी मोठ्या आणि मोजक्या! गर्भात पेशी सर्वांत वेगाने दुभंगत असतात, म्हणून गरोदरपणात मागणी सर्वांत जास्त. साध्या प्रौढ स्त्रीला रोज २२० मायक्रोग्रॅम, तर गरोदर स्त्रीला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट हवे, असे २०२० च्या शिफारशी सांगतात. गर्भाचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते, अनेकदा आपण गरोदर आहोत हे त्या स्त्रीला कळण्याच्याही आधी. सात देशांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या खेपेस असा दोष असलेले मूल झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल दिले, तेव्हा तो दोष पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

आता पालकाकडे पुन्हा पाहू. २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पालकात सुमारे १४० मायक्रोग्रॅम फोलेट आहे, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. लोहाच्या बाबतीत गरजेचा दहावा हिस्सा, तोही जेमतेम शोषला जाणारा, आणि फोलेटच्या बाबतीत निम्म्याहून अधिक! पानाचे खरे बळ कशात आहे हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे. आपण मात्र शाळेत लोहाचीच घोकंपट्टी करत राहिलो.

येथे एक खबरदारी. विल्स यांनी रुग्णांना भाजी दिली नव्हती, यीस्टचा अर्क दिला होता. ‘परळच्या बायका पालकाने बऱ्या झाल्या’ असे सांगणे म्हणजे दशांशचिन्हासारखीच आणखी एक गोष्ट रचणे होईल.

महाराष्ट्रातला पुरावा

तक्त्यातल्या आकड्यांवरून आपण अंदाज करतो, पण प्रत्यक्ष ताटात पालेभाजी वाढली तर काय होते? या प्रश्नावर दोन महत्त्वाचे अभ्यास आपल्याच राज्यात झाले आहेत.

पहिला पुण्याजवळच्या सहा खेड्यांतला. डॉ. शोभा राव, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ८०० गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक वा प्रथिने खाल्ली याच्याशी दिसला नाही. तो दिसला दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या किती वेळा खाल्ल्या याच्याशी. मात्र ही निरीक्षणे होती. पालेभाजी खाणाऱ्या घरांत इतरही काही चांगले असू शकते. म्हणून प्रयोग हवा.

तो प्रयोग मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत झाला. २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा तसाच दिसणारा खाऊ दिला. सुरुवात गर्भधारणेपूर्वीच केली. २०१४ मध्ये निकाल आला. सर्व बाळांचा एकत्र विचार केला, तर वजनात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक वजनाची होती. हा लाभही अगदी कृश स्त्रियांना झाला नाही, सुदृढ स्त्रियांना झाला. मात्र गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले.

हा निकाल जाहिरातीच्या उपयोगाचा नाही, म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो. पालेभाजी उपयोगी आहे, पण ती जादू नाही. तिचा उपयोग आधीपासून आणि सातत्याने खाल्ल्यावर दिसतो. आणि ज्या स्त्रीला पोटभर अन्नच मिळत नाही, तिची भूक पानाने भागत नाही.

पानात जे नाही

पालेभाज्यांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्यातल्या त्याच संशोधकांना निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत ‘ब-१२’ कमी आढळले. या जीवनसत्त्वाच्या अभावानेही तांबड्या पेशी मोठ्या होतात, शिवाय मज्जातंतूंना इजा होते. नुसते फोलेट वाढवून ती भरून येत नाही.

‘अ’ जीवनसत्त्वाबद्दलही थोडी सबुरी हवी. पानात असते ते बीटा-कॅरोटीन. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. १९९५ मध्ये इंडोनेशियातल्या स्तनदा मातांना रोज हिरव्या पालेभाज्या देऊनही त्यांच्या शरीरातले ‘अ’ जीवनसत्त्व अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञांनी हिशेबच बदलला. अन्नातल्या ६ ऐवजी १२ भाग बीटा-कॅरोटीनपासून १ भाग ‘अ’ जीवनसत्त्व मिळते असे आता धरतात. पानांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाचे (मराठीत हे नाव ‘सी’साठीही वापरले जात असल्याने गोंधळ होतो, म्हणून येथे ‘के’ म्हणू) काम मात्र निर्विवाद आहे. रक्त गोठण्यासाठी ‘के’ लागते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या आणि वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी म्हणूनच पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून एकसारखे ठेवावे.

बाजार आणि स्वयंपाकघर

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उपाहारगृहांत आता लेट्यूसची पाने मिळतात. मुलांना ती आधुनिक आणि म्हणून अधिक पौष्टिक वाटतात. लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणी असते. कोबीसारखा गोल, फिकट आइसबर्ग घेतला तर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३० मायक्रोग्रॅम फोलेट, लांब हिरव्या पानांचा रोमेन घेतला तर १३० च्या पुढे. एकाच वनस्पतीच्या दोन प्रकारांत चौपटीहून अधिक फरक! उन्हात वाढलेले गडद हिरवे पान निवडावे, हा साधा नियम मुले लगेच शिकतात. आणि माठ, मेथी, चवळी, शेवग्याचा पाला यांच्यापुढे फिकट लेट्यूसने मिरवावे असे काही नाही. भाजीवाली मुळ्याचा पाला कापून टाकते, तो मागून घ्यावा.

फोलेट पाण्यात विरघळते. पालक नेहमीसारखा पाण्यात उकळला, तर निम्मे फोलेट निघून जाते. वाफवला तर फारसे जात नाही, असे मोजमाप झाले आहे. म्हणून उकळून पाणी ओतून देणे किंवा चिरलेली मेथी मीठ लावून पिळणे ही पद्धत नुकसानीची. आपली पातळ भाजी मात्र शहाणपणाची. पाण्यात उतरलेले वाटीतच राहते, आणि फोडणीच्या तेलाने बीटा-कॅरोटीनही शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले, तर ‘सी’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते घटते.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांना सांगायलाच हवी. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रुळांलगतची मोकळी जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिली, आणि लोकलच्या खिडकीतून पालक-माठाचे वाफे पाहतच कित्येक पिढ्या कामावर गेल्या. त्या वाफ्यांना नाल्याचे पाणी दिले जाते ही तक्रारही तितकीच जुनी आहे. भाजी चिरण्यापूर्वी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुतली, तर माती आणि बरेचसे जंतू जातात. पण मुळांनी शोषलेले शिसे किंवा कॅडमियम धुऊन जात नाही, आणि पाने हे धातू साठवण्यात फळभाज्यांच्या पुढे असतात. गृहिणीच्या दक्षतेने हा प्रश्न सुटणार नाही. तिला भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे कळण्याचा मार्गच नसतो. पाणी तपासणे हे नगरपालिकेचे आणि शासनाचे काम आहे.

वर्गात काय करावे?

शिक्षकांना माझी सूचना अशी. लोहाच्या गोळीचा चुरा पाण्यात मिसळून त्यात कोऱ्या चहाचे काही थेंब टाका. थोड्या वेळात पाणी काळपट होते. चहातल्या टॅनिनने लोहाला बांधले, ते आता शरीराला सहज मिळणार नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. गोळी चहाबरोबर का घ्यायची नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. गोळीने मळमळत असेल, तर ती सोडून न देता जेवणानंतर घ्यावी आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना विचारावे, हेही त्याच तासाला सांगता येईल.

आणि उत्तरपत्रिकेतले ते वाक्य? बाईंनी विचारले, तेव्हा मी पुढील उत्तर सुचवले. ‘पालेभाज्यांतून फोलेट, बीटा-कॅरोटीन, के जीवनसत्त्व आणि तंतू मिळतात. लोहही मिळते, पण त्यातले थोडेच शोषले जाते. रक्तक्षय झाला असेल, तर पालेभाजी खावीच, पण गोळी सोडू नये.’ बाई म्हणाल्या, “सर, दोन गुणांसाठी हे फार लांब होतं.” खरे आहे. मग या प्रश्नाला चार गुण ठेवावेत. त्या मुलीच्या आईने आपल्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. इतका विश्वास मिळत असेल, तर उत्तर पूर्ण बरोबर देणे हे आपले कर्तव्य ठरते.